तळ्याकाठच्या वाटेवरून सायकल जाऊ द्या: मराठवाड्यातील पालिकांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील महानगरपालिकांचे आयुक्त, नगरपालिकांचे मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,

सप्रेम नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. वडिलांनी १९७९ साली मोंढ्याच्या कोपऱ्यावर पत्र्याच्या टपरीत ते सुरू केलं, आता मी बसतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की ती एका पालिकेची तक्रार होते आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतात. मला जे सांगायचंय ते तळं, नदी किंवा घाट असलेल्या प्रत्येक गावाला लागू आहे.

आमच्या तळ्याच्या बांधावर तीन वर्षांपूर्वी पेव्हर ब्लॉक बसले. पाण्याच्या बाजूला कठडा आला, दिवे आले, बाकडी आली. हे काम चांगलं झालं आणि गावानं ते डोक्यावर घेतलं. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दिवसभर अंगाची लाही लाही होते. संध्याकाळी पाण्यावरून वारं सुटलं की अख्खं गाव बांधावर येतं. म्हातारी माणसं, बाळंतीण होऊन माहेरी आलेल्या लेकी, भुईमुगाच्या शेंगा विकणारे, सगळे. मग मागच्या वर्षी दोन्ही टोकांना पाटी लागली, ‘सायकल व इतर वाहनांस सक्त मनाई’, आणि पाटीखाली लोखंडी पाइप रोवले गेले.

ही पाटी का लागली ते मला नेमकं माहीत आहे. ती माझ्या आईमुळे लागली.

आईचं वय ७४. रोज संध्याकाळी काठी टेकत बांधाच्या मधल्या पारापर्यंत जायची आणि परत यायची. त्या दिवशी मी दुकान बंद करून तिला आणायला निघालो होतो. मागून एक तेरा-चौदा वर्षांचं पोरगं गिअरच्या सायकलवर आलं. आईच्या उजव्या बाजूनं निघायला बघत होतं, त्याच वेळी आई कठड्याकडे, म्हणजे उजवीकडेच वळली. हँडल तिच्या कोपराला लागलं. ती हात पुढे टाकून पडली आणि मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं. तेवढे दिवस तिला स्वतःची वेणी घालता आली नाही, याचं तिला दुखण्यापेक्षा जास्त वाईट वाटायचं.

मी धावत पोचलो तेव्हा पोरगं सायकल आडवी टाकून रडत उभं होतं. लोक त्याच्या अंगावर धावून जात होते. आईला रिक्षात बसवलं आणि सायकल मी दुकानात आणून ठेवली. रात्री दवाखान्यातून आल्यावर सवयीनं ती पालथी करून पाहिली. पुढच्या ब्रेकचं रबर झिजून पत्रा रिमला घासत होता. मागच्या ब्रेकची तार इतकी सैल की दांडी हँडलला टेकली तरी चाक फिरतच होतं. घंटी नव्हती. घंटीच्या जागी मोबाइलचा स्टँड बसवलेला होता.

पुढच्या आठवड्यात काही मंडळी निवेदन घेऊन गेली, त्यात आईच्या हाताचा उल्लेख होता, आणि पाटी लागली. त्या मंडळींचा हेतू वाईट नव्हता, मी त्यांना दोष देत नाही. पण ज्या हाताच्या नावानं ती पाटी लागली, त्या हाताचा मुलगा म्हणून मला बोलायचा हक्क आहे. ती पाटी काढा. आणि जिथे अशी पाटी लावायचा ठराव येऊ घातलाय, तिथे तो आधी थांबवा.

बांध हा आमच्याकडे फिरायला झाला त्याच्या कितीतरी आधीपासून रस्ता आहे. तळ्यापलीकडे दोन वाड्या आणि एक तांडा आहे. तिथली लेकरं शाळेला, माणसं मोंढ्यात हमालीला आणि बाया माळवं घेऊन बाजाराला याच बांधावरून यायच्या. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. लांबच्या गावांसाठी त्या निळ्या बस. या योजनेतल्या सायकली माझ्या दुकानात येतात, म्हणून मला ठाऊक आहे की त्यातल्या किती रोज खरोखर चालतात. चेन ताणलेली असते, पायडलचे छर्रे गेलेले असतात, मागचं टायर गुळगुळीत झालेलं असतं. उभ्या राहून गंजलेल्या सायकली नाहीत त्या. एका हातानं शासनानं या पोरींना सायकल दिली आणि दुसऱ्या हातानं आपण तिची वाट काढून घेतली.

आता या पोरी कुठून जातात? हायवेनं. बांधावरून शाळा दोन किलोमीटर पडायची, हायवेनं साडेतीन पडते. रस्ता चौपदरी झाल्यापासून गाड्या सुसाट असतात. गाळप हंगामात, दिवाळीनंतर, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं चाललेले असतात. मागची ट्रॉली झोके खाते, बाहेर आलेला ऊस अंगाला लागतो. डिसेंबरात नववीतली एक मुलगी सायकल ढकलत दुकानात आली. पुढच्या चाकाची रिम आऊट, तीन तारा तुटलेल्या, गुडघ्यावर मुरूम रुतलेला. ट्रॉलीला वाट द्यायला ती डांबराखाली उतरली आणि कडेच्या खळग्यात चाक गेलं. मी रिम सरळ करत होतो तेव्हा तिनं विचारलं, “काका, बांधावरून गेलं तर खरंच पोलीस पकडतात का?” मला उत्तर देता आलं नाही. आईचं मनगट मोडलं तेव्हा मी जेवढा हललो नव्हतो, तेवढा त्या दिवशी हललो. त्या ट्रॉलीखाली काय झालं असतं ते सांगायला नको.

हे मी एका जबाबदार माणसापाशी बोललो. ते म्हणाले, “मुंबईत मरीन ड्राइव्हवर तरी फिरायच्या जागेत सायकल घालू देतात का? मग आपल्या गावात कशाला?” हा प्रश्न मला खूप जागी ऐकू आला, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. माझी लेक मुंबईत नोकरीला आहे. तिच्याकडे गेलो की पहाटे मी मरीन ड्राइव्हला जातो. सुमारे साडेतीन किलोमीटरचा तो वळणदार किनारा आहे. एका अंगाला समुद्र, मध्ये चालणाऱ्यांचा रुंद फरसबंद पट्टा आणि त्याला लागून मोटारींचा रस्ता. सायकलवाले मी त्या रस्त्यावरूनच जाताना पाहिले. आणि २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेनं तिथे काय सुरू केलं ते लक्षात घ्या: रविवारी सकाळी नरिमन पॉइंटपासून वरळीपर्यंत सायकलींसाठी रस्त्याची एक पट्टी राखून ठेवली. म्हणजे चालणाऱ्यांची जागा घेतली नाही, मोटारींची घेतली. मरीन ड्राइव्हचं उदाहरण द्यायचं तर ते पूर्ण द्या. आमच्या हायवेची एक पट्टी पोरींसाठी राखून देणार असाल, तर बांधावरची पाटी खुशाल राहू द्या.

शिवाय ती रविवारची सायकल होती. आमची सोमवारची आहे. सोमवारची सायकल अडवली की कुणाची शाळा बुडते, कुणाची हजेरी जाते, कुणाचं दूध नासतं.

लेकीनं मला बाहेरच्या देशांतल्या समुद्रकाठचे नियमही वाचून दाखवले. इंग्लंडमध्ये बोर्नमथ नावाचं समुद्रकाठचं शहर आहे. तिथे फिरायच्या वाटेवर सायकलला वर्षभर परवानगी आहे. फक्त जुलै आणि ऑगस्टमध्ये, जेव्हा किनाऱ्यावर गर्दी लोटते, तेव्हा सकाळी १० ते संध्याकाळी ६ बंदी. एरवी ताशी १० मैल, म्हणजे १६ किलोमीटर, ही वेगाची मर्यादा. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. गर्दीच्या महिन्यांत आणि गर्दीच्या वेळेत अडवायचं, बाकी वेळ वाट मोकळी. कॅनडात व्हँकूवरला स्टॅनले पार्कच्या कडेनं समुद्राची भिंत आहे, सुमारे १० किलोमीटर लांब. तिथे पाण्याच्या बाजूनं माणसं चालतात आणि आतल्या बाजूनं सायकली, त्याही एकाच दिशेनं. अरुंद जागी सायकलवरून उतरून चालायचं. अमेरिकेत शिकागोला तर समुद्र नाही, आपल्यासारखं तळंच आहे, फक्त अफाट मोठं. त्याच्या काठची ३० किलोमीटरची वाट आधी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची एकत्र होती. गर्दी आणि टकरी वाढल्या तेव्हा त्यांनी दोन वेगळ्या वाटा केल्या, ते काम २०१८ मध्ये पूर्ण झालं.

आपल्याकडे समुद्र नाही म्हणून हे नियम आपल्या कामाचे नाहीत, असं म्हणू नका. कंधारच्या राष्ट्रकूटांच्या काळातल्या तळ्याला ‘जगत्तुंग समुद्र’ म्हणतात. पैठणच्या धरणाचं पाणी नाथसागर झालं, विष्णुपुरीचं शंकरसागर. पाण्याची किंमत माहीत असलेल्या आपल्या माणसांनी तळ्याला समुद्राचाच मान दिला. काठावर उभं राहिलं की प्रश्नही तेच असतात: अरुंद जागा, खूप माणसं, आणि प्रत्येकाला पाण्याच्या जवळून जायचं असतं.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. माणूस ताशी ५ किलोमीटरनं चालतो. शाळेची पोरगी दप्तर लावून साधी सायकल चालवते ती १०-१२ नं. गिअरची सायकल, सपाट पेव्हर आणि चौदा वर्षांचं अंग एकत्र आलं की २५ सहज होतात. १२ च्या वेगानं सायकल सेकंदाला सव्वातीन मीटर जाते, २५ च्या वेगानं जवळजवळ सात. समोर कुणी आलं हे डोळ्याला दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत सेकंदभर जातोच. म्हणजे ब्रेक लागायच्या आतच सात मीटर संपले. त्यात वेग दुप्पट झाला की धक्का चौपट बसतो. पावसात रिम ओली असली तर रबर धरत नाही, आणि बांधावरच्या पेव्हरवर शेवाळ आलं की देवच वाली. आईला ज्या सायकलनं पाडलं तीच सायकल १० च्या वेगानं, घंटी वाजवत, धड ब्रेकसह आली असती तर आई फार तर वैतागली असती. म्हणून माझं म्हणणं आहे की वेगाला आवरा. सायकल ही वस्तू म्हणून अडवल्यानं वेगाचा बंदोबस्त होत नाही.

होत नाही हे आमच्या बांधावर रोज दिसतं. पाटी लागल्यापासून सायकली गेल्या आणि मोटारसायकली आल्या. पोरी पाटी वाचतात आणि मागे फिरतात. मोटारसायकलवाला पाटी वाचत नाही. दोन पाइपांच्या फटीतून तो हँडल तिरकं करून गाडी काढतो. फट आणखी कमी करा असं काही जण सुचवतात. कृपा करून करू नका. व्हीलचेअरला निदान ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते, आणि जिथून व्हीलचेअर जाते तिथून मोटारसायकल जाणारच. फट आवळली की अडकतो तो अपंग माणूस. त्याला पाण्याकाठी यायचा सगळ्यात जास्त हक्क आहे. मोटारसायकल अडवायला माणूस लागतो. संध्याकाळी तीन तास दोन टोकांना दोन होमगार्ड किंवा पालिकेचे शिपाई उभे करा, पहिल्या महिन्यात दंडाच्या पावत्या फाडा, आपोआप जरब बसेल.

मी टेप घेऊन आमचा बांध मोजला. बहुतेक लांबीत तो चौदा फूट भरतो. पाराजवळ आणि सांडव्यावरच्या पुलावर आठ फुटांवर येतो. रस्त्यांच्या कामाचे देशपातळीवरचे जे मार्गदर्शक निकष आहेत, त्यांत चालणाऱ्यांसाठी निदान १.८ मीटर, म्हणजे सहा फूट, मोकळी रुंदी सांगितली आहे. चौदातले आठ फूट पाण्याच्या बाजूनं चालणाऱ्यांना द्या, बाहेरच्या बाजूचे सहा सायकलींना. नुसती पांढरी रेघ मारू नका, ती दोन पावसाळ्यांत जाते. पेव्हरचा रंगच वेगळा घाला, लाल आणि राखाडी, म्हणजे लहान लेकरालाही कळेल. बाकडी सगळी पाण्याच्या पट्ट्यात हलवा, नाहीतर बाकड्यावरून उठलेला माणूस थेट सायकलच्या पुढ्यात येतो. पार आणि पूल इथे उतरून ढकलत जायचं, त्याला कुठलीही सवलत नको.

वेळेचा प्रश्न खरा अवघड आहे आणि तो मी लपवत नाही. शाळा पाच वाजता सुटते आणि फिरणारी मंडळी साडेपाचला येऊ लागतात. मधला अर्धा तास पोरी घरी पोचायला पुरतो. त्यामुळे संध्याकाळी साडेपाच ते आठ बांधावर सायकल चालवायची नाही, ढकलत न्यायची, हे मला मान्य आहे. मोंढ्यातून सहाला सुटणाऱ्या हमालांना त्यानं त्रास होईल. दोन किलोमीटर सायकल ढकलत जावं लागेल. मी त्यांच्यातल्या चौघांशी बोललो. हायवेपेक्षा ढकलणं परवडलं, असं चौघंही म्हणाले. सकाळची शाळा असेल तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात, सात वाजता फिरणारे आणि पोरी एकाच वेळी बांधावर येतात. तिथे पट्ट्यांची शिस्त पाळावीच लागेल. पहिला महिनाभर शाळेच्या शिक्षकांना नि ज्येष्ठ नागरिक संघातल्या कुणालातरी तिथे उभं राहायची विनंती करा. मी स्वतः येतो.

बॅटरीच्या सायकलींचं मात्र आताच ठरवून टाका. २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या सायकलीला कायद्यानं मोटार वाहन मानत नाहीत, तिला नंबर प्लेट लागत नाही. पण पायडल न मारता ती सरळ त्या वेगाला पोचते. ती बांधावर नको. पाटीवर तसं स्पष्ट लिहा.

आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी जे हेल्मेट घालून पहाटे पन्नास-पन्नास किलोमीटर जातात त्या मित्रांनाही इथेच सांगतो. तुमची आवड मला प्रिय आहे, तुमच्या सायकली मी जीव लावून सर्व्हिस करतो. बांधावर वेळ लावून फेऱ्या मारू नका. तुमच्यापैकी कुणी पुन्हा एखाद्या म्हातारीला पाडलं, तर वाडीवरच्या पोरींची वाट कायमची जाईल.

माझ्याकडून जे होईल ते मी करतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी पान्यांची पेटी घेऊन बांधाच्या टोकाला बसेन. बांधावरून जाणाऱ्या कुठल्याही सायकलचा ब्रेक फुकट आवळून देईन, रबरं बदलून देईन. घंटी पन्नास-साठ रुपयांना येते. शाळेच्या मुलींना ती माझ्याकडून. पालिकेनं एवढंच करावं की ब्रेक आणि घंटी नसलेली सायकल बांधावर येऊ देऊ नये. तुमच्या गावातही असा एखादा दुकानदार असेलच, त्याला विचारून बघा. आमच्या धंद्यातली माणसं पैशासाठी अडून बसणारी नाहीत.

त्या पोराचं राहिलं. ते आता माझ्या दुकानात शनिवारी येतं. त्याच्या वडिलांनी दवाखान्याचा खर्च देऊ केला होता, आईनं घेतला नाही. मी त्याला ब्रेकची तार ओवायला शिकवली. मागच्या महिन्यात त्यानं स्वतःच्या सायकलला घंटी बसवली, मोबाइलचा स्टँड काढून.

आई पुन्हा बांधावर जाते, पण पारापर्यंत नाही, अर्ध्यातून परतते. हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिनं एक दुरुस्ती सांगितली: घंटी अगदी पाठीशी येऊन वाजवू नये, दचकायला होतं, दहा पावलांवरून वाजवावी. हेही पाटीवर लिहावं, असा तिचा आग्रह आहे.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. आमच्या पाटीचा मजकूर बदलायला आणि रंग मारायला आठ दिवस पुरतात. दिवाळीनंतर गाळप सुरू होईल, तोवर त्या पोरी बांधावर आलेल्या असाव्यात.

आपला नम्र,
तळ्याकाठचा एक सायकल दुरुस्ती करणारा